फॅन बेल्ट किती घट्ट?

ट्रॅक्टरच्या इंजिनपुढचा पट्टा बोटाने दाबला तर किती आत गेला पाहिजे, या प्रश्नावर छापील उत्तरंच एकमेकांशी भांडतात. एका कंपनीचं पुस्तक ७ ते ९ मिलिमीटर म्हणतं, दुसरीचं १० ते १५, तिसरीचं थेट १९. पट्टे बनवणाऱ्यांचं कोष्टक भलतंच. त्यांच्या हिशेबाने दोन पुलींमधलं अंतर ३०० मिलिमीटर असेल तर पट्टा जेमतेम ५ मिलिमीटर दबावा. गॅरेजातला मिस्त्री यातलं काहीच वाचत नाही. तो अंगठा दाबतो, मान हलवतो आणि बॉनेट लावून टाकतो. यातली बरीच उत्तरं एकाच वेळी बरोबर असू शकतात. घोळ होतो तो अर्धंच उत्तर पाठ केल्यामुळे.

हा विषय भिवंडी तालुक्यातल्या दापोड्यात बसून पाहण्यात एक सोय आहे. माणकोली नाक्याहून अंजूरफाट्याच्या रस्त्याला लागलं की दोन्ही अंगांना गोदामं दिसतात. त्यांच्याखाली भाताची खाचरं गेली. जी उरली आहेत त्यांत पाऊस लागला की चिखलणी होते आणि आवणी चालते. एरवी तोच ट्रॅक्टर ट्रॉली ओढतो, पाण्याचा टँकर ओढतो, वीटभट्टीची माती वाहतो. गोदामामागे वीज गेली की चालू होणारा डिझेल जनरेटर असतो. त्याच्याही तोंडाशी तसाच पट्टा. तालुक्याच्या गावी भिवंडीत यंत्रमाग आहेत आणि तिथे मोटरवरून मागावर जाणारा पट्टा ताणून देणं हे जॉबरच्या रोजच्या कामातलं. पट्टा म्हणजे काय हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. तरीही ट्रॅक्टरवर तो ताणताना होणाऱ्या चुका इथेही त्याच, सगळीकडे होतात त्याच.

मागची थोडी हकीकत सांगायला हवी, कारण जुन्या पट्ट्याच्या सवयी नव्या पट्ट्याला लावल्या गेल्या आहेत. मुंबईच्या गिरण्यांत वाफेच्या एका इंजिनावर छताखालचा लांब दांडा फिरायचा आणि त्याच्यावरून चामड्याचे चपटे पट्टे एकेका मागावर उतरायचे. किर्लोस्करांच्या ऑइल इंजिनवर चालणारा शेतातला पंप, पिठाची गिरणी, उसाचा चरक, सगळीकडे चपटाच पट्टा. चपटा पट्टा केवळ घर्षणावर पकड धरतो, म्हणून तो खूप ताणावा लागे, वर राळ चोळावी लागे. १९१७ साली अमेरिकेत जॉन गेट्स यांनी रबर आणि धाग्यांचा व्ही आकाराचा पट्टा काढला आणि हिशेब बदलला. हा पट्टा पुलीच्या खाचेत पाचरीसारखा रुततो. त्याच्या दोन्ही कडा खाचेच्या भिंतींवर दाबल्या जातात आणि तेवढ्याच ताणात पकड सुमारे तिप्पट परिणामकारक होते.

तिप्पट हा शब्दही कमीच पडतो. पट्टा पुलीवर घसरू लागण्याआधी त्याच्या ओढणाऱ्या बाजूचा ताण सैल बाजूच्या ताणाच्या किती पट असू शकतो, हे काढण्याचं सूत्र ऑइलरच्या नावाने ओळखलं जातं. दोर खांबाला एकदोन वेढे मारून जहाज धरून ठेवतात, त्यामागचं गणित हेच. घर्षणांक ०.३ धरला आणि पट्टा पुलीला १२० अंशांत बिलगलेला असला, तर चपट्या पट्ट्यात हे गुणोत्तर दोनाच्याही खाली राहतं. व्ही पट्ट्यात ते जवळजवळ सातापर्यंत जातं. म्हणजे व्ही पट्ट्याला पकड धरण्यासाठी फार ताणाची गरजच नाही. ताणून ताणून आवळण्याची सवय चपट्या पट्ट्यांच्या काळातून आली आहे, ती अजून गेलेली नाही.

आता ट्रॅक्टरवर हा पट्टा नेमकं काय फिरवतो ते पाहू. क्रँकच्या टोकाची पुली त्याला ओढते. तो पाण्याचा पंप आणि त्याच दांड्यावरचा पंखा फिरवतो आणि बाजूचा अल्टरनेटर. या अल्टरनेटरला गावात अजून डायनामोच म्हणतात. डिझेल पंप आणि हायड्रॉलिकचा पंप बहुतेक ट्रॅक्टरांत गिअरवर चालतात, पट्ट्याशी त्यांचा संबंध नाही. मोटारसायकलची चेन तुटली तर गाडी थांबते. इथे तसं होत नाही. पट्टा तुटला तरी डिझेल इंजिन बिनदिक्कत चालत राहतं, बॅटरीही त्याला लागत नाही. पाणी फिरणं थांबतं, पंखा थांबतो आणि चालक नांगर ओढत राहतो. तापमानाचा काटा चढतो हे खरं, पण पाणी उकळून गेलं आणि सेन्सर कोरडा पडला की काटा खोटं बोलतो, उलट खाली येऊ शकतो. तोपर्यंत हेड वाकलेलं असतं किंवा गॅस्केट गेलेलं असतं.

पहिली खबर देणारा दिवा दुसराच आहे. पट्टा तुटताक्षणी अल्टरनेटर थांबतो आणि डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा लागतो. हा दिवा लोक बॅटरीचा समजतात; माझ्या मते तो ट्रॅक्टरवरचा सगळ्यात महत्त्वाचा पट्ट्याचा दिवा आहे. जुन्या ट्रॅक्टरांत याच दिव्याचा बल्ब गेलेला असतो आणि तो कुणी बदलत नाही, कारण बॅटरी तर चालते आहे. चावी फिरवल्यावर, इंजिन चालू होण्याआधी, हा दिवा लागलाच पाहिजे. तो लागत नसेल तर पट्ट्याचा ताण मोजण्याआधी बल्ब बदलावा.

पट्ट्यावर बोजा किती असतो? १२ व्होल्टची यंत्रणा आणि साधारण ३६ अँपिअरचा अल्टरनेटर धरला, तर पूर्ण भाराला तो ५०० वॅट देतो आणि स्वतःच्या तोट्यासकट पट्ट्याकडून ८०० ते ९०० वॅट घेतो. उरलेलं काम पंख्याचं आणि पाण्याच्या पंपाचं. पंख्याला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या पटीत वाढते: फेरे दुप्पट, शक्ती आठपट. चाळीस-पंचेचाळीस हॉर्सपॉवरच्या इंजिनावर सगळं मिळून बोजा ढोबळ मानाने २ किलोवॅट धरू. क्रँकची पुली १३० मिलिमीटर व्यासाची आणि इंजिनाचे फेरे मिनिटाला २१०० असतील, तर पट्टा सेकंदाला १४ मीटर धावतो. या वेगाने २ किलोवॅट न्यायला दोन बाजूंच्या ताणांत फक्त १४ ते १५ किलोचा फरक पुरतो. आकडा लक्षात ठेवावा, पुढे लागेल.

आता सुरुवातीचा घोळ सोडवू. दोन पुलींमधल्या पट्ट्याला मधोमध दाबलं की तो किती दबतो, हे ताणावर, अंतरावर आणि दाबावर ठरतं. हिशेब सोपा आहे: दाबाला अंतराने गुणा आणि दबलेल्या खोलीच्या चौपटीने भागा, म्हणजे ताण निघतो. अंतर ३०० मिलिमीटर, दाब १० किलो आणि खोली १२ मिलिमीटर असेल तर ताण येतो सुमारे ६२ किलो. आता पट्टेवाल्या कंपन्यांचं कोष्टक घ्या. त्यांचा नियम दर मीटर अंतराला १६ मिलिमीटर, म्हणजे ३०० मिलिमीटरला साधारण ५. पण ते १० किलोने दाबायला सांगतच नाहीत. पट्ट्याच्या जाडीप्रमाणे ठरलेला हलका दाब देतात. तोच ६२ किलोचा ताण असताना ५ मिलिमीटर दाबायला ४ किलो पुरतात. ट्रॅक्टरचं पुस्तक आणि पट्टेवाल्यांचं कोष्टक, दोन्ही एकच ताण सांगत होती. ज्याने आकडा ५ घेतला आणि दाब १० किलोचा दिला, त्याने पट्टा १५० किलोवर नेला. वेगवेगळ्या ट्रॅक्टरांच्या पुस्तकांतला फरकही पुष्कळसा असाच आहे. पुलींमधलं अंतर वेगळं, सांगितलेला दाब वेगळा, कुठे दाबायचं ती बाजू वेगळी. बाकीचा फरक पट्ट्याच्या जातीचा. म्हणून दाब आणि बाजू न सांगता दिलेला मिलिमीटरचा आकडा निरुपयोगी आहे, मग तो कुणीही सांगो.

अंगठ्याची अडचणही इथेच आहे. प्रत्येकाचा अंगठा १० किलो दाब देत नाही. कुणी ४ देतो, कुणी जोर करून १५. उपाय फुकटचा आहे. किराणा दुकानातल्या काट्यावर अंगठा ठेवून १० किलो येईपर्यंत दाबायचं आणि हाताला ती जाणीव लावून घ्यायची. हे एकदा केलं की कळतं, १० किलो हा दाब वाटतो त्यापेक्षा बराच जास्त आहे.

यापेक्षा नेमकं हवं असेल तर दोन पुलींच्या माथ्यावर सरळ पट्टी किंवा ताणलेली दोरी धरावी आणि रद्दीवाल्याकडे असतो तसा लटकता स्प्रिंगचा काटा पट्ट्याच्या मध्यावर अडकवून ओढावा. पट्टी आणि पट्टा यांतलं अंतर मोजपट्टीवर, दाब काट्यावर. ही पद्धत दिसायला ओबडधोबड, पण माझा कौल हिलाच. कारखान्यांत पेनाएवढा गेज वापरतात. तो पट्ट्यावर ठेवून दाबायचा, 'टक्' झालं की थांबायचं आणि आकडा वाचायचा. तोही चांगला, पण लहान अंतरावर त्याला जागा मिळत नाही. पट्टा मधोमध धरून पीळ द्यायचा आणि पाव फेरा फिरला की ठीक, ही चाचणी रस्त्यावर चालते. मात्र दाते पाडलेला पट्टा सहज पिळतो आणि साधा जाड पट्टा पिळत नाही, ताण तोच असला तरी.

राहिली कानाची पद्धत. ताणलेला पट्टा ही तारच आहे, छेडली की सूर देते. वरच्याच उदाहरणात १३ मिलिमीटर रुंदीचा, म्हणजे 'ए' जातीचा पट्टा ६२ किलोवर असेल, तर तो सेकंदाला १२५ ते १३० कंपनांच्या आसपास वाजायला हवा. म्हणजे पेटीवरच्या मंद्र सप्तकातल्या पांढरी एकच्या जरा खाली. ताण चौथा हिस्सा झाला तर सूर एक सप्तक उतरतो. कारखान्यांत यासाठी खास मीटर असतात, आणि मोबाइलमधली सूर लावण्याची अ‍ॅपही हेच मोजतात. पट्टा आखूड आणि जाड असल्यामुळे आकडा थोडा चढा येतो. तेव्हा नेमका ताण काढण्यापेक्षा आपल्याच ट्रॅक्टरचा नीट ताणलेल्या दिवशीचा सूर टिपून ठेवावा आणि पुढे त्याच्याशी ताडून पाहावा. भजनी मंडळातला पेटीवाला घरात असेल तर मोबाइलचीही गरज नाही.

ताण किती असावा, याचं पट्टे बनवणाऱ्यांचं उत्तर आकड्यात नाही: सगळ्यात जास्त बोजा असतानाही पट्टा घसरणार नाही असा सगळ्यात कमी ताण. या वाक्यातल्या 'कमी'कडे गावोगाव दुर्लक्ष होतं. पट्टा किंचाळला की पाना घेऊन आवळायचा, हीच रीत. वरचा हिशेब आठवा. ओढण्यासाठी १५ किलोचा फरक पुरतो. ताण ६२ किलो असताना ओढत्या बाजूला साधारण ७० आणि सैल बाजूला ५५ राहतात, म्हणजे गुणोत्तर सव्वाच्या आसपास. पकड सातापर्यंतची आहे. ताण निम्म्यावर आला तरी कोरडा, स्वच्छ पट्टा घसरायला नको. तरी तो घसरतो, कारण तो कोरडा आणि स्वच्छ नसतो. पट्ट्यावर इंजिनचं तेल उडालेलं असलं, चिखलाचं पाणी असलं, कडा काचेसारख्या चकचकीत झाल्या असल्या, की घर्षणांक ०.१ वर येतो आणि पकडीचं गुणोत्तर सातावरून दोनावर घसरतं. अशा पट्ट्याचा ताण दुप्पट करून पकड दुप्पट होते खरी, पण सगळा मार बेअरिंगला बसतो.

बेअरिंगचं काय होतं ते पाहण्यासारखं आहे. पट्ट्याच्या दोन्ही बाजू मिळून पुलीला एकाच दिशेने ओढतात, म्हणून पाण्याच्या पंपाच्या दांड्यावर ६२ किलोच्या ताणाला सव्वाशे किलोपर्यंत आडवा भार येतो. १५० किलोवर आवळलेला पट्टा तोच भार ३०० किलोच्या जवळ नेतो, तोही दिवसभर, मिनिटाला दोन हजारांच्या आसपास फेऱ्यांत. आधी पंपाचं सील सुटतं आणि खालच्या बारीक भोकातून पाणी ठिबकू लागतं. लोक ते भोक एम-सील लावून बंद करतात. ते भोक मुळात सील गेल्याची खबर द्यायलाच ठेवलेलं असतं. मग बेअरिंग घरघरतं, पंखा डुगडुगतो आणि शेवटी पातं रेडिएटरमध्ये शिरतं. पट्ट्याच्या शेदोनशे रुपयांच्या तक्रारीतून पंप आणि रेडिएटरचा खर्च उभा राहतो. सैल पट्टा आधी आवाज करतो, दिवा लावतो, बॅटरी उतरवतो. जास्त आवळलेला पट्टा मात्र बराच काळ गप्प राहतो, म्हणून मी त्याला अधिक घातक मानतो.

अर्थात सैल पट्टाही निरागस नाही. २ किलोवॅटमधले १० टक्के घसरण्यात गेले तर २०० वॅट उष्णता पट्ट्याच्या कडांतच मुरते. कडा भाजतात, रबर कडक होतं, चकाकी येते, पकड आणखी घटते. एकदा चकाकलेला पट्टा आवळून सुधारत नाही, तो बदलावाच लागतो. इंजिन बंद केल्यावर पुलीवर हात ठेवता येत नसेल इतकी ती तापलेली असेल, तर घसरण चालू आहे असं धरावं. क्रँकची पुली अंगातूनच गरम असते, म्हणून हे अल्टरनेटरच्या पुलीवर पाहावं.

आवाजाचंही नीट ऐकायला हवं. सेल्फ मारल्यावर लगेच येणारी लांब किंचाळी आणि पाखरासारखी तुटक चिवचिव हे दोन वेगळे रोग आहेत. किंचाळी बहुधा घसरण्याची. बॅटरी उतरलेली असते, अल्टरनेटर सुरुवातीलाच पूर्ण भार घेतो, आणि संथ फिरणाऱ्या तीन सिलिंडरच्या डिझेल इंजिनाची क्रँक एकसारखी न फिरता झटक्याझटक्याने फिरते. चिवचिव बहुधा पुली एका रेषेत नसल्याची. चालत्या पट्ट्यावर दुरून थोडं पाणी शिंपडून फरक कळतो. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुली तिरक्या आहेत. पाणी पडताच आवाज वाढला तर ताण कमी आहे. पुलींचा तिरकेपणा अर्ध्या अंशाच्या वर नको. ३०० मिलिमीटरवर अडीच मिलिमीटरच्या पुढे फरक असेल तर अल्टरनेटरच्या बोल्टमागे वॉशर घालून तो सरळ करावा लागतो. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून टाळलं जातं. नवीन अल्टरनेटर बसवताना पुली जुनीच ठेवली की हा दोष हमखास येतो. अल्टरनेटरच्या लोभाबद्दलही एक सांगायचं. ट्रॅक्टरवर जादा लाइट, टेप आणि मोठे स्पीकर चढवणारे मोठा अल्टरनेटर घालतात आणि पट्टा मात्र जुन्या डायनामोच्या काळचा ठेवतात. मग पट्टा कुरकुरला की दोष कंपनीला.

प्रत्यक्ष ताणण्याचं काम लहान आहे. इंजिन बंद, थंड, चावी खिशात. चावी खिशातच हवी, कारण आपण पुलीत हात घातलेला असताना दुसऱ्याने सेल्फ मारू नये. अल्टरनेटर खाली एका बोल्टवर डुलतो आणि वर लांबट खाच असलेल्या पट्टीला बांधलेला असतो. खालचा बोल्ट किंचित सैल करायचा, पूर्ण नाही, वरचाही. मग लाकडी दांडक्याने किंवा छोट्या पहारीने अल्टरनेटर बाहेर ढकलून वरचा बोल्ट आवळायचा. ढकलताना जोर द्यायचा तो पुलीच्या बाजूच्या जाड ओतीव भागावर. मधल्या पत्र्याच्या अंगावर पहार टेकवली की आतली गुंडाळी सरकते आणि अल्टरनेटर काही दिवसांनी जातो, कारण कुणाला कळतही नाही. आधी वरचा, मग खालचा बोल्ट घट्ट. इंजिन हाताने फिरवता आलं तर एकदोन फेरे फिरवून पुन्हा मोजायचं, म्हणजे पट्टा खाचेत बसल्यावरचा खरा ताण कळतो.

नवीन पट्टा असेल तर तो ठरलेल्या ताणापेक्षा थोडा जास्त, साधारण सव्वा ते दीडपट ताणतात, कारण पहिल्या काही तासांत तो खाचेत बसतो, आतले धागे थोडे ओढले जातात आणि ताण उतरतो. दिवसभराच्या कामानंतर पुन्हा मोजायचा आणि नेहमीच्या आकड्यावर आणायचा. ही दुसरी मोजणी जवळजवळ कुणीच करत नाही. नवा पट्टा 'लगेच सैल पडला' अशी तक्रार येते ती यामुळे, आणि पट्ट्याची जात बदनाम होते. पट्टा चढवताना स्क्रू-ड्रायव्हरने पुलीच्या कडेवरून उचलून टाकू नये. बाहेर काही दिसत नाही, पण आतला धागा तुटतो आणि तो पट्टा महिन्याभरात उलटतो. अल्टरनेटर आत सरकवून सैल करूनच चढवावा. दोन पट्टे जोडीने चालत असतील तर एक तुटला तरी दोन्ही बदलायचे.

खाचेकडेही बघावं. पट्ट्याचा माथा पुलीच्या कडेच्या बरोबरीत किंवा जरा वर असला पाहिजे. तो खाली बसला असेल आणि खाचेचा तळ चकाकत असेल, तर पट्टा तळाला टेकतो आहे आणि पाचर उरलेली नाही. अशा वेळी किती आवळलं तरी तो चपट्या पट्ट्यासारखाच चालणार. कधी पट्टा झिजलेला असतो, कधी पुली. पुलीच्या भिंतीला ०.८ मिलिमीटरच्या पुढे खड्डा पडला असेल तर पुलीच बदलायची. इकडच्या भागात हे जास्त दिसतं, कारण चिखलणीत लोखंडी जाळीची चाकं गाळ उडवतात आणि वाळलेल्या गाळातली रेती खाचेला पॉलिश कागदासारखी घासत राहते.

चिखलणी हा पट्ट्याचा खरा परीक्षेचा हंगाम. इंजिन पूर्ण फेऱ्यांवर, ट्रॅक्टर मात्र माणसाच्या चालीने. समोरून वाऱ्याचा झोत येत नाही, रेडिएटरला सगळी हवा पंखाच पुरवतो, आणि पंखा पट्ट्यावर. रस्त्यावर ट्रॉली ओढताना जी किंचित घसरण खपून जाते ती इथे पाणी उकळवते. म्हणून ताण मे महिन्याच्या शेवटी तपासावा, पहिला पाऊस पडून खाचर भरल्यावर नव्हे. पण इंजिन तापलं की आधी पट्ट्यालाच हात घालणंही बरोबर नाही. पाण्याची पातळी, रेडिएटरच्या जाळीतला गाळ आणि भुसा, थर्मोस्टॅट, हे आधी. वाडा, शहापूर आणि भिवंडीकडे गवताच्या गठ्ठ्यांची वाहतूक असते. तो भुसा रेडिएटरच्या बारीक पडद्यांत असा बसतो की बाहेरून जाळी स्वच्छ दिसते. आतून, पंख्याच्या बाजूने पाणी मारल्याशिवाय तो निघत नाही. पाणी मारल्यावर पट्टा पुसून वाळवायचा, एवढंच. साबण, मेणबत्ती, ग्रीस, राळ यांतलं काहीही लावू नये. साबणाने आवाज जातो, घसरण राहते, आणि घसरणीची ऐकू येणारी खूण आपण पुसून टाकलेली असते.

सुरक्षेबद्दल कायद्याने गिरण्यांना जे शिकवलं ते शेतापर्यंत पोचलेलं नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात फिरत्या पट्ट्यांना आणि पुलींना कुंपण घालायला सांगितलं होतं, चालत्या यंत्राचा पट्टा चढवण्या-उतरवण्याचं काम खास शिकवलेल्या, अंगाला घट्ट कपडे घातलेल्या प्रौढ कामगारालाच द्यावं असंही. मळणी यंत्रांत हात गेल्याच्या अपघातांमुळे १९८३ साली धोकादायक यंत्रांचा वेगळा कायदा झाला. ट्रॅक्टरच्या पंख्यावर कंपनी जाळी देते, आणि ती पट्टा बदलताना काढली की पुन्हा लागत नाही. कोपऱ्यात गंजत पडते. खांद्यावरचा टॉवेल हा या जाळीशिवायच्या पंख्याचा सगळ्यात जुनं गिऱ्हाईक आहे.

पट्टा घेताना एक साधी काळजी. 'ए-४२' यातली ४२ ही इंचातली आतली लांबी. दोन इंच लांब घेतला तर अल्टरनेटर खाचेच्या टोकाला जातो आणि पुढे ताणायला जागाच उरत नाही. नवा पट्टा बसवल्यावर अल्टरनेटर खाचेच्या आतल्या बाजूला असावा. पट्ट्यांसाठी महाराष्ट्राला बाहेर पाहायचंही कारण नाही. नागपूरजवळच्या हिंगण्यात पिक्ससारख्या कंपनीचा मोठा कारखाना आहे. दुकानात खिळ्याला वर्षानुवर्षं टांगलेला पट्टा मात्र घेऊ नये. टांगलेल्या जागी तो मोडतो आणि कोकणपट्टीच्या उन्हाळ्यात रबर पडल्या पडल्या म्हातारं होतं. घरचा जादा पट्टाही सैल वेटोळं करून, थंड जागी, बॅटरीपासून दूर ठेवायचा.

पूर्वीच्या निओप्रिनच्या पट्ट्याला भेगा पडायच्या आणि भेगा दिसल्या की बदलायचा, हा नियम सोपा होता. आता आलेल्या ईपीडीएम रबराच्या पट्ट्यांना भेगा फारशा पडतच नाहीत. ते टायरसारखे झिजतात, दिसायला चांगले राहतात आणि खोलवर बसत जातात. तिथे डोळा फसतो. ज्या ट्रॅक्टरांना एसीची केबिन आहे त्यांना बऱ्याचदा अनेक बारीक खाचांचा चपटा पट्टा आणि स्प्रिंगचा आपोआप ताण धरणारा हात येतो. त्या पट्ट्याला अंगठा लावून काही कळत नाही, कारण ताण स्प्रिंग ठरवते. तिथे पाहायचं ते वेगळं: इंजिन संथ चालू असताना तो हात थरथरतो का, त्याच्यावरची खूण दिलेल्या दोन रेघांच्या आत आहे का, आणि त्याची छोटी पुली बंद इंजिनावर बोटाने फिरवली तर खरखरते का. खूण रेघेबाहेर गेली असेल तर पट्टा लांबला आहे. हात थरथरत असेल तर ताण धरणारा भागच बदलायचा. दोन्हींपैकी कोणत्याही वेळी पहार लावून काही साधत नाही.